ताण कोणी द्यावा?



माघी वारी करून माणसे घरी परतली आहेत आणि आता महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेला निघायची बोलणी ओट्याओट्यांवर चालू आहेत. आपल्या चोपडा तालुक्यात या दिवसांत पहाटे घोंगडी सुटत नाही आणि दुपारी डोक्यावर उपरणे घेतल्याशिवाय बांधावर उभे राहवत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधल्या पट्ट्यात केळी, कापूस, हरभरा आणि कुठे कुठे लिंबाची बाग. थंडी काढता पाय घेऊ लागली की लिंबाला फूल दिसते. बारीक, पांढरे, आणि वास असा की रस्त्याने जाणारा दोन पावले थांबतो.

पण हीच बाग आपण महिनाभरापूर्वी, पौषात पाहिली असती तर कीव आली असती. पाने मलूल, कडेने वळलेली, झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा, जमिनीला भेगा. पाणी नव्हते म्हणून नव्हे. विहिरीला पाणी होते, मोटार चालू होती, आणि बांधापलीकडच्या केळीला त्याच विहिरीचे पाणी रात्र-रात्र जात होते. मालकाने लिंबाला मुद्दाम पाणी तोडले होते. शेतकरी याला ताण देणे म्हणतात. हल्ली ताण म्हटले की लोकांना डॉक्टर आठवतो. पण शब्द मळ्यातही जुना आहे आणि तिथे त्याचा अर्थ फार नेमका आहे.

एकच शेतकरी, एकच विहीर, एकच थंडी. एका झाडाला तहानेने व्याकूळ ठेवले आणि दुसऱ्याला गारठू नये म्हणून रात्री उठून पाजले. यात निर्दयपणा कोणता आणि माया कोणती? आणि आपल्यावर दुःख येते तेव्हा देव आपल्याला लिंबाप्रमाणे वागवतो की केळीप्रमाणे? या प्रश्नाचे उत्तर कीर्तनातून फार लवकर दिले जाते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. म्हणून हा लेख.

आधी लिंबाचे नीट समजून घेऊ. लिंबू, मोसंबी या झाडांना आपल्या हवेत वर्षातून तीनदा फुलण्याची ओढ असते. पावसाच्या तोंडाला मृग बहार, पावसाच्या शेवटी हस्त बहार आणि थंडी सरताना आंबे बहार. झाडाच्या मनाने सोडले तर ते तिन्ही वेळा थोडे थोडे फुलते आणि एकाही वेळी धड फळ देत नाही. म्हणून शेतकरी एक बहार धरतो. आंबे बहार धरायचा तर मार्गशीर्षात पाणी बंद करतो. हलक्या, मुरमाड जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत दोन महिनेही लागतात, कारण त्या जमिनीच्या पोटात ओल दडलेली असते. वरून झाड तहानलेले दिसते आणि खाली मुळे गुपचूप पीत असतात. (अशी माणसेही आपण पाहतो, पण तो विषय वेगळा.)

पाव हिस्सा पाने गळली की शेतकरी समजतो, आता पुरे. मग बाग चाळून वाळलेल्या फांद्या काढतो. या वाळक्या फांदीला बागाईतदार सल म्हणतात. मनात रुतून राहिलेल्या दुःखालाही आपण सलच म्हणतो. जिथे फांदी मेली तिथून थोडी हिरवी बाजू घेऊन कापायची, आणि कापल्या जागी मोरचूद-चुन्याचा बोर्डो मलम लावायचा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. सरळ वर उसळलेले पाणसोटही काढायचे, कारण ते खातात फार आणि देत काही नाहीत. शेणखत घालायचे, आळी बांधायची, आणि मग पाणी. तेही एकदम भरपूर नव्हे. पहिले आंबवणीचे, हलके. काही दिवसांनी चिंबवणीचे, थोडे अधिक. मग नेहमीचे. तहानलेल्या झाडाला पहिल्याच दिवशी तुडुंब पाजले तर ते फूल सोडून पालवीतच रमते, किंवा आलेले फूल गाळते. सगळे नीट जमले तर माघात फूल आणि पावसाळ्यात लिंबू.

माझ्या गुरूंनी हा दृष्टांत मला दिला तेव्हा मी वीस-बावीस वर्षांचा होतो. त्यांनी अट घातली होती, ‘आधी एक अख्खा हिवाळा बागेत जा, मग व्यासपीठावर बोल.’ त्या हिवाळ्यात मी जे पाहिले त्यानेच मला हा दृष्टांत जपून वापरायला शिकवले. पण दृष्टांत हातोहात फिरतो आणि फिरता फिरता त्याचे काठ झिजतात. आज तो असा सांगितला जातो: माळी झाडाला ताण देतो म्हणून बहार येतो, देव भक्ताला दुःख देतो म्हणून भक्ती फुलते, तेव्हा रडू नका, तुमच्यावर देवाची विशेष कृपा आहे. टाळकरी ठेका धरतात, श्रोते माना डोलावतात. ऐकायला गोडच आहे.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्याच एका गावी गंधमुक्तीच्या कार्यक्रमात मी श्रोता म्हणून बसलो होतो. घरधन्याने कापसाच्या कर्जाच्या घोरात आपला जीव संपवला होता. मागे बायको, दोन लेकरे, म्हातारी सासू, दोन एकर केळी. कीर्तनकार तरुण होते, गळा गोड, पाठांतर उत्तम. त्यांनी हाच दृष्टांत लावला आणि चांगला रंगवला. कीर्तन संपले, बुक्का लावणे झाले, आणि ती बाई बुवांच्या पाया पडायला आली. पाया पडून उठली आणि अगदी हळू, कोणाला दोष न देता म्हणाली, ‘महाराज, बागेला ताण देणारा रोज सकाळी बागेत येऊन पानं पाहून जातो. आमच्याकडे कोण आलं? अन् लिंबू झाड खातं का, महाराज?’

बुवांनी उत्तर दिले नाही, हात जोडले. मला त्यांचे ते हात जोडणे आवडले. पण प्रश्न मंडपातून माझ्यासोबत घरी आला.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी एक नियम घालून ठेवला आहे की दृष्टांत एकदेशी असतो. म्हणजे त्याचा एकच भाग घ्यायचा, सगळा दृष्टांत सिद्धान्तावर पांघरायचा नाही. मुख चंद्रासारखे म्हटले तर आल्हाद घ्यायचा, डाग घ्यायचा नाही. मग ताणाच्या दृष्टांताचा कोणता देश घ्यावा? त्या बाईने दोन वाक्यांत दाखवून दिले की आपण नको तो भाग घेतो. झाडाचे फळ झाडाला मिळत नाही, ते बाजारात जाते. ताण देणाऱ्याचा त्यात नफा असतो. हा भाग देवाला लावला तर देव व्यापारी ठरतो. तसा देव आपल्या विटेवर नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती बागेत जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. ताणामुळे फूल येते, हे अर्धेच खरे आहे. फूल येते ते साठवणीतून. पावसाळ्यात झाडाने जी पाने काढली, त्या पानांनी ऊन खाऊन जे अन्न केले, ते फांद्यांत साठून असते. ताण एवढेच करतो की ती साठवण नव्या पालवीत उडवू देत नाही. थंडीही तेच करते, वाढ थांबवते. म्हणजे बहार हे पावसाळ्यातल्या पोषणाचे देणे आहे. ताण केवळ दार धरून उभा असतो. ज्या झाडाला पावसाळ्यात खत-पाणी मिळाले नाही, ज्याच्या फांदीत साठवण नाही, त्याला ताण दिला तर फूल येत नाही, झाड वाळते. म्हणून जाणता शेतकरी चार-पाच वर्षांच्या आतल्या झाडाला ताण देत नाही. रोगट झाडाला देत नाही. मागल्या वर्षी फळांनी लगडून थकलेल्या झाडाला देताना दहा वेळा विचार करतो. आणि ताण चालू असताना रोज फेरी मारतो, कारण कोणत्या दिवशी पाणी सोडायचे हे पंचांगात लिहिलेले नसते, ते पानावर लिहिलेले असते.

आता मला सांगा, दुःखाच्या घरी जाऊन ‘हा तुमचा ताण आहे’ असे सांगणाऱ्याने यातले काय पाहिलेले असते? समोरच्याच्या फांदीत साठवण किती आहे, ते त्याला ठाऊक असते का? त्याचे वय, त्याचा रोग? पाणी केव्हा सोडायचे ते? आणि पाणी सोडायला त्याच्या हातात काही असते का?

बांधापलीकडची केळी या बाबतीत बरेच शिकवते. केळीला ताण नाही. खानदेशात केळी दोन वेळा लावतात, पावसाळ्याच्या तोंडाला मृगबाग आणि पावसाळा सरताना कांदेबाग. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १,७४२ खोडे बसतात, आणि त्यातल्या एकालाही थंडीचा उपयोग नाही. पारा दहा-बारा अंशांच्या खाली गेला की नवे पान निघायचे थांबते, असलेले पिवळे पडते, निसवणारा घड खोडाच्या गळ्यातच अडकतो, आणि करपा पानावर हातपाय पसरतो. म्हणून शेतकरी पौषात रात्री पाणी देतो, कारण जमिनीच्या पोटातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ऊबदार असते. बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची दाट भिंत करतो, बुडाशी निंबोळी पेंड घालतो. लिंबाला जे औषध, ते केळीला विष. आणि दोन्ही झाडे एकाच माणसाची, दोन्हींवर त्याचे पोट सारखेच अवलंबून.

थंडीचे म्हणाल तर आपली थंडी ती काय! हिमाचल-काश्मीरच्या सफरचंदाला सात अंशांच्या खालची थंडी सुमारे हजार तास लागते. तेवढी मिळाली नाही तर वसंतात त्याचे डोळे नीट उघडतच नाहीत. तिकडे बर्फ पुरते वितळायच्या आधीच छाटणी उरकतात. त्या झाडाची मूळ घडणच थंडीसाठी आहे. पण त्याहून थंड मुलुखात आपली तुळस गेली तर? आमच्या ओळखीच्या एका घरची सून कॅनडात टोरांटोला असते. वारकरी घरची पोर, तुळशीवाचून कसे राहील! ती सांगत होती की तिकडे मार्चमध्ये, म्हणजे आपल्या फाल्गुनात, बाहेर बर्फ असताना तुळशीचे बी घरात कुंडीत टाकावे लागते. रोप काचेच्या खिडकीशी वाढवायचे. मे महिना अर्धा होईपर्यंत बाहेर लावायचे नाही, कारण एका रात्रीच्या दहिवराने तुळस काळी पडते. आणि एकदम बाहेर ठेवायचेही नाही. पहिल्या दिवशी तासभर, आडोशाला, मग परत घरात. दुसऱ्या दिवशी दोन तास. असे आठ-दहा दिवस केले की रोप वाऱ्या-उन्हाला टणक होते.

हेही कठीणच करणे आहे, माउली. पण ज्या हाताने बाहेर ठेवले तोच हात संध्याकाळी आत घेतो. तासभर होताच ती पोर खिडकीतून पाहते, पान मान टाकते आहे का. कठोरपणाला अशी नजर असेल तर त्याला संगोपन म्हणता येते. नजर नसेल तर तो नुसता थंड वारा.

आपल्या संप्रदायात या गोष्टीची एक मोठी साक्ष आहे, आणि ती आपण पुरेशी कडक वाचत नाही. आळंदीच्या विठ्ठलपंतांना आणि रुक्मिणीबाईंना धर्माच्या नावाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले, मुलांना समाजात जागा मिळेल या आशेवर त्यांनी ते घेतले, असे परंपरा सांगते. ताण पुरा दिला गेला. पाणी मात्र आले नाही. मुले पोरकी झाली आणि तरीही दारे बंदच राहिली. शुद्धिपत्रासाठी त्या चार लेकरांना पैठणची वाट धरावी लागली. त्यांतल्या धाकट्या मुक्ताईने आपल्या तापीकाठी मेहूणला देह ठेवला, म्हणून ही कथा खानदेशाला अधिक जवळची आहे. कधी कधी मी ऐकतो, ‘ते दुःख झाले नसते तर ज्ञानेश्वरी झाली नसती.’ हे वाक्य ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. शके १२१२ मध्ये नेवाशाला जे फळ आले ते त्या निष्ठुरपणाचे फळ नव्हे. ते निवृत्तिनाथांच्या कृपेचे, गहिनीनाथांकडून आलेल्या ठेव्याचे, आई-बापांनी लहानपणी दिलेल्या शिकवणीचे फळ होय. साठवणीचे. छळणाऱ्यांना त्याचे श्रेय देणे म्हणजे टोळधाडीला बहाराचे श्रेय देणे.

आणि माउलींनी स्वतः माळ्याचा दृष्टांत घेतला तेव्हा काय केले पाहा. ज्ञानेश्वरीच्या १२व्या अध्यायात, कर्तेपणाचे ओझे टाकण्याचा विषय चालू असताना, माळी नेईल तिकडे निवांत जाणाऱ्या पाण्याची उपमा ते देतात. भक्ताला झाड हो म्हणत नाहीत, पाणी हो म्हणतात. तिथला विषय अहंकाराचा आहे हे मी विसरत नाही. एकदेशाचा नियम मलाही लागू आहे. तरी एवढे ध्यानात येतेच की मळ्यातले पाणी जाते ते कोणाच्या तरी मुळाशी जाते.

इथे कोणी श्रद्धावान पूर्वपक्ष करील. ‘बुवा, संसारात पोळलेल्या माणसाला एवढाच आधार असतो की हे देवाने दिले आहे, त्यात काही हित असेल. तोही तुम्ही काढून घेणार का?’ हा आक्षेप खरा आहे, त्याला हसून उडवता येणार नाही. मीही अशी माणसे पाहिली आहेत, की ज्यांनी जवान मुलगा गेल्यावर वीणा खांद्याला घेतला आणि सांगितले, ‘देवाने मला मोकळे केले.’ त्यांच्यापुढे माझे सगळे तर्क मान खाली घालतात. पण पाहा, ते कोण म्हणाले? ज्याचा मुलगा गेला तो म्हणाला. शेजारी म्हणाला नाही.

तुकोबारायांचे चरित्र या जागी निर्वाळा देते. १६२९-३० चा तो भयंकर दुष्काळ. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेले. या आपत्तीबद्दल त्यांनी देवापुढे समाधान व्यक्त केल्याचा अभंग आपल्यातल्या अनेकांना पाठ आहे. आपल्यावरचा ताण त्यांनी गोड करून घेतला. पण त्याच दुष्काळात पिचलेली कुळे, ज्यांची कर्जखते घरात होती, त्यांना तुकोबांनी जाऊन ‘तुमचेही बरेच झाले’ असे सांगितल्याची कथा कुठे आहे का? कथा आहे ती अशी की त्यांनी भावाच्या वाट्याची अर्धी खते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावला आणि दुसऱ्याच्या दुःखाचे कागद बुडवले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीही भुकेल्यांना कसोटीची महती सांगितली नाही, कोठाराचे दार उघडले. अरणच्या सावता महाराजांना भेटायला तर पंढरीहून देवाची पालखी त्यांच्या गावी जाते; ज्याने मळाच विठ्ठल मानला, त्याला पायपीट घडली नाही म्हणून देवाने उणे लेखले नाही.

म्हणून मला वाटते, ताण हा शब्द प्रथमपुरुषी आहे. तो ‘मी’ला चालतो, ‘तू’ला चालत नाही. एकादशी आपली आपण धरायची असते. बाळंतिणीला, लेकराला, आजाऱ्याला कोणी एकादशी घालत नाही. तसे करणाऱ्याला आपण भाविक म्हणणार नाही, दुष्ट म्हणू. आणि आपल्या पूर्वजांचे शहाणपण असे की एकादशीला द्वादशी जोडलेली आहे. पारणे करायचेच, तेही वेळेत, आणि जमल्यास अतिथीला बसवून. ताणाला द्वादशी असते. ज्याला द्वादशी नाही ती एकादशी नव्हे, ती उपासमार. आणि उपासमारीला उपवास म्हणण्याचा अधिकार भरल्या पोटाला नाही.

वारीचेही तसेच. आपल्या मुक्ताईची पालखी पंढरीला जायला महिनाभर चालते, पायांना फोड येतात, पाऊस अंगावर येतो. ते कष्ट आपण मागून घेतलेले असतात, आणि मुक्कामाला कोणीतरी ऊन पाण्याचा तांब्या घेऊन उभा असतो.

वृंदावनातल्या तुळशीचेही या दिवसांत काम असते, तेही सांगून टाकतो. थंडीने तिची पाने तांबूस झालेली असतात आणि शेंड्याशेंड्यांवर मंजिऱ्या वाळून खडखडत असतात. काही घरांत भक्तीपोटी तुळशीला कात्री लावत नाहीत. मग सगळा जीव बियांत जातो, आणि चैत्राच्या उन्हात तुळस वाळते. मंजिऱ्या खुडा, रविवार आणि द्वादशी सोडून. हिरव्या असतील त्या विठोबाला वाहा, वाळलेल्यांचे बी वाफ्यात टाका, वाळकी काडी कापा. बुडाशी ओंजळभर जुने शेणखत आणि रोज तांब्याभर पाणी. कापल्याच्या दुसऱ्या दिवशीही पाणी घालायला जायचे, एवढेच.

त्या गावाचे पुढे मला कळले ते सांगतो. शेतीची लाइट त्या हिवाळ्यात रात्रीची होती. दोन लेकरे घरात, सासू अंथरुणाला, आणि पौषातल्या गारठ्यात रात्री एक-दोनला डीपीपर्यंत जाऊन मोटार चालू करायची, ठिबकचे कॉक फिरवायचे, हे त्या बाईला कसे जमावे? केळी निसवायला आली होती. आठ रात्री पाणी चुकले असते तर घड गळ्यातच राहिले असते. गावातले दोन माळकरी, एक तिच्या भाऊबंदकीतला आणि एक परजातीचा, यांनी आपसात रात्री वाटून घेतल्या. तिला विचारले ते एवढेच, मोटारीच्या खोलीची किल्ली कुठे असते. सगळा पौष त्यांनी पाणी दिले, बांधावर धूर केला. कीर्तनात दृष्टांत लावणारे ते तरुण बुवाही दोन रात्री येऊन गेले, असे ऐकतो. उजाडायच्या आत मोटार बंद करून, दार न वाजवता, ते किल्ली तिच्या ओट्यावर ठेवून जात.